मधे न बोलण्याचा नियम

रविवार, ११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजी एव्हाना जिना चढायला लागले असतील, निदान जिन्याला शिव्या द्यायला तरी. गुडघा नवा असला तरी माणूस जुनाच आहे, तेव्हा लक्ष ठेव. भाच्याला सांग, मावशी फक्त वाढदिवसापुरती नसते. इकडे आम्ही ठीक.

तू फोन केलास की हे दर वेळी सांगतात, ती अंघोळीला गेलीय. इतक्या अंघोळी खरंच केल्या असत्या तर माझी सालं निघाली असती. ह्यांना थापा मारता येत नाहीत. एक कशीबशी जमली, तीच धरून बसलेत. तू चिडली असशील, चीड. पण पत्र शेवटपर्यंत वाच. शाळेचं आधी सांगते, बाकीच्यासाठी जरा धीर गोळा करायचाय.

यंदा सातवी ब माझ्याकडे आहे. धड लहान नाहीत, धड मोठी नाहीत अशी मुलं. आमच्या प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर वागणुकीच्या नियमांची पाटी लावलेली असते. परवानगीशिवाय बोलू नये, उत्तर देताना उभं राहावं, दुसऱ्याच्या डब्यात हात घालू नये, वगैरे. पहिल्या दिवशी मुलं ती एका सुरात म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी एका सुरात विसरतात. तिथून पुढे कामाला यायचा तो माझा आवाज. तुला तो माहीत आहे. मी गच्चीवरून हाक मारली की शेजारी जेवताना दचकतात, असं आई म्हणायची.

ह्या वर्गात एक मुलगी आहे, तिचं नाव मी भोंगा ठेवलंय. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर, उत्तर पुरं व्हायच्या आत दुसऱ्याची चहाडी. वर्गाबाहेर उभं केलं तर बाहेरून जाणाऱ्या शिपायाशी गप्पा मारते. तिला नावाचा राग नाही, उलट हजेरीला भोंगा म्हटलं नाही तर तिला चुकल्यासारखं होतं.

तर, सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मी गळ्याला स्कार्फ बांधून वर्गात गेले आणि फळ्यावर लिहिलं, घसा बसला आहे. मुलांना रान मोकळंच मिळालं. मी फळ्याकडे वळले की मागे बाजार भरायचा. टाळ्या वाजवल्या, डस्टर आपटलं. मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, कमरेला लावायचा एक छोटा माईक दिला. त्यातून गळक्या नळासारखा आवाज यायला लागला आणि वर्ग हसून लोळला. मलाही हसू आलं, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मग मोठ्या सरांनी खोलीत बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, आणि म्हणाले, "बाई, वर्ग हातात ठेवायला आवाज लागतो. माझ्या हाताखाली शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, हे तुम्हाला माहीत आहे." सातवी ब कवायतीच्या सरांना द्यायची आणि मला ऑफिसात बसवून पेपर तपासायला द्यायचे, असं त्यांच्या मनात होतं. मी कागदावर लिहिलं, एकदा वर्गात येऊन बसा, मग ठरवा. ते हो म्हणाले. पुढच्या आठवड्यातला गणिताचा तास ठरला.

ताई, आता सांगते. घसा बसलेला नाही. गळ्यात गाठ होती. भावोजींच्या गुडघ्याचं चालू होतं त्याच दिवसांत माझं ऑपरेशन झालं. तू दोन दवाखान्यांत कुठे धावली असतीस, म्हणून ह्यांना शपथ घातली. गाठ साधी निघाली, काळजीचं काही नाही, हे दोनदा वाच. पण काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागला. मी जे बोलते ते कुजबुजीसारखं निघतं, पहिल्या बाकापलीकडे जात नाही.

मुलांना हे मी सांगितलं नव्हतं. सरांकडून परत आले तेव्हा वर्गात कुस्ती चालली होती. मी ओरडायला तोंड उघडलं. सवयच ती. काहीच बाहेर आलं नाही, आणि स्कार्फ सैल होऊन खाली घसरला. पहिल्या बाकावरच्या पोरींनी टाके पाहिले. त्या गप्प झाल्या. त्यांचं बघून दुसरा बाक गप्प झाला, मग तिसरा, आणि तशी ती शांतता मागच्या भिंतीपर्यंत गेली. मी स्कार्फ बांधला आणि उदाहरण लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशीपासून जे सुरू झालं ते मी तुला कसं सांगू. मी पहिल्या बाकाशी वाकून एक वाक्य कुजबुजायचे. पहिला बाक वळून ते दुसऱ्याला सांगायचा, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा उभा राहून ते मोठ्यानं म्हणायचा. म्हणजे ध चा मा झालाय का, ते मला कळावं. पहिल्या दिवशी झालाच होता. मी नाही म्हणून मान हलवली, तर न कुरकुरता वाक्य परत पुढे आलं आणि परत मागे गेलं. आता शब्दसुद्धा गळत नाही.

आणि त्यांचं स्वतःचं बोलणं? मला नावानं हाक मारता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग ज्याचं बोलून झालं त्यानं बसताना दुसऱ्या कुणाकडे तरी बघायचं, की तो उभा राहणार. बघायचं ते दिवसभरात सगळ्यात कमी बोललेल्याकडे. कुणी मधे बोललं तर रागवायचं नाही, नुसतं सगळ्यांनी थांबायचं. ही पद्धत काढली कुणी, तर भोंग्यानं. पाळी नसताना ती गाल फुगवून बसते, वाफ धरलेल्या कुकरसारखी, पण बसते. माझ्या पाटीवरचा नियम तोच होता, परवानगीशिवाय बोलू नये. त्यातून असं काही निघू शकतं हे मला कधी सुचलं नव्हतं. मी रोज थक्क होऊन घरी यायचे, आणि ह्यांना लिहून लिहून सांगायचे. ह्यांनी शेवटी हात जोडले.

सर आले आणि मागच्या बाकावर बसले. वर्ग शांत नव्हता, ताई. कुजबूज बाकाबाकांतून मागे चालली होती, मुलं उठत होती, बसत होती. सरांच्या कपाळावरची आठी मला पुढून दिसत होती. त्या दिवशी नेमका धडा ऋण संख्यांचा. ऋणाला ऋणानं गुणलं की उत्तर धन का येतं, हा माझा प्रश्न. दोघंतिघं बोलली, पटेल असं कुणालाच सांगता येईना. मग भोंग्याची पाळी आली. तिला उत्तर येत होतं, मला तिच्या तोंडावरून कळत होतं. ती उभी राहिली, तोंड उघडलं, मिटलं, खिडकीजवळच्या मुलीकडे बघितलं आणि बसली.

ही खिडकीजवळची मुलगी वर्षभरात स्वतःहून एक शब्द बोललेली नाही. ती उभी राहिली आणि उभीच राहिली. बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती. वेळ जात होता. मागून सर म्हणाले, "येत नसेल तर बस, बाळ."

कुणी वळून पाहिलं नाही, कुणी हसलं नाही. सगळी नुसती थांबली. त्या थांबण्यात काय होतं ते मला शब्दांत मांडता येत नाही. उद्धटपणा नव्हता, हे नक्की. एक मूल पुढे काही बोलेल अशी सगळ्यांची खात्री होती आणि मधे कुणी तरी बोललं होतं, एवढंच. सरांनी इकडे तिकडे पाहिलं. त्यांना समजलं. आणि ताई, आमच्या मोठ्या सरांनी, ज्यांच्या चपलांच्या आवाजानं शिक्षकखोली सरळ होते, त्यांनी हात वर केला आणि वर धरून बसून राहिले.

मग ती पोरगी बाकाबाहेर आली. बारीक आवाजात म्हणाली, "तोंड मागे केलं, की एक ऋण." ती मागच्या भिंतीकडे तोंड करून वळली. "आणि उलटं चालले, की दुसरं." आणि पाठमोरी चालत आली, बाकांमधून, एकेक पाऊल, थेट फळ्यापर्यंत. "बघा, मी पुढेच आले."

माझ्या अंगावर काटा आला. आत्ता लिहितानाही येतोय.

जागेवर जाऊन बसताना तिनं सरांकडे पाहिलं. दिवसभरात सगळ्यात कमी तेच बोलले होते ना. सर उभे राहिले, नियमाप्रमाणे. वर्ग त्यांच्यासाठीही तसाच थांबला. मग म्हणाले, "मी मधे बोललो. चुकलं माझं." आणि बसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं.

पाळी माझी होती. मी जागेवरूनच कुजबुजले, "वर्ग माझा आहे." पहिल्या बाकानं ते घेतलं. बाकाबाकांतून मागे जाताना मी बघत राहिले. शेवटच्या बाकावरचा मुलगा सरांच्या शेजारी उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "वर्ग आमच्या बाईंचा आहे." माझ्या एका शब्दाचे दोन झाले होते. मी मान हलवली नाही.

कवायतीचे सर मैदानावरच राहिले. सातवी ब माझ्याकडे आहे.

तू लगेच गाडीत बसशील, मला माहीत आहे. ये. रडलीस तरी चालेल, मीही रडेन. पण एक ऐक. डॉक्टर म्हणतात आवाज परत येण्याची आशा धरू नका. मी ती सोडली आहे, तूही सोड. आणि मी बोलत असताना माझं वाक्य तू पुरं करू नकोस. प्रेमानंसुद्धा नको. मला वेळ लागतो. मधे न बोलता माझ्या तोंडाकडे बघत थांब, मी बोलते.

तू थांबशील ना, एवढंच विचारणारी,
तुझी धाकटी