सुदर्शनचा मुकादम

जव्हार, मे १९९९

चि. सुदर्शन यास रोहिदासमामाचे आशीर्वाद. माझा गुडघा सोडला तर इकडे तब्येती बऱ्या आहेत. तुझा खोकला गेला असेलच. डोंगराखाली धूळ नसते असं तू लिहितोस. (तुझ्या आईचा, काशीताईचा, विश्वास नाही.)

घोटाळा तिथेच झाला. इटलीत डोंगराच्या पोटातल्या प्रयोगशाळेत काम करतो, हे तुझं पत्र मी तिला अभिमानाने वाचून दाखवलं. आता आपल्याकडून डोंगर फोडायला कोण जातं, हे तुला सांगायला नको. दिवाळीनंतर मुकादम नेतो, पावसाआधी आणून सोडतो. नाही सोडलं तर घरचे त्याच्या दारात जाऊन बसतात. तू तीन पावसाळे आला नाहीस. तेव्हा काशीताईने मला पुढे घातलं आणि आम्ही मुंबईला तुझ्या जोगळेकर सरांकडे गेलो. तुझी शिफारस त्यांची, म्हणजे मुकादम तेच. (मी शिक्षक आहे, ताईसमोर नसतो.)

"माझा पोऱ्या नेलात, पानी पडायच्या आधी आनून द्या," एवढं बोलून ती उंबऱ्याशी मांडी घालून बसली. सर भला माणूस. चहा दिला, आणि सूर्याच्या पोटात हलके अणू एकमेकांत मिसळून ऊब कशी निघते, तेच तुम्ही यंत्रात घडवून कसं मोजता, सगळं समजावलं. आभाळातून बारीक कणांचा पाऊस सतत पडत असतो, त्यात ही मोजणी बुडून जाते, म्हणून वर डोंगर हवा. ताई म्हणाली, "म्हंजे इरलं." (भाताच्या आवणीला पावसात पाठीवर घेतो ते पानांचं, हे सरांना मी सांगितलं.) मग तिने विचारलं, दिवसाला किती मिसळतात. सर खरं बोलले आणि फसले: कधी कधी महिन्याला दोन. एवढ्याशा कामावर आपल्याकडच्या कुठल्याही मुकादमाने माणूस ठेवला नसता. मग पोरगा आवणीला आला म्हणून सूर्य काही विझायचा नाही, असा तिने निकाल दिला. सरांनी जूनमध्ये तुला पाठवायचं कबूल केलं आहे, तरी वेळेवर निघावे.

तुझा,
रोहिदासमामा

ता. क. येताना तिकडचं काही आणू नकोस. हे ताईने सांगितलं म्हणून लिहिलं. मला घड्याळ चालेल.

आणखी ता. क. आतापर्यंत ती समोर बसून ऐकत होती, आत्ता कुठे शेतावर गेली. आवणीला यंदा माणसं पुरून उरतील आणि ते तिला ठाऊक आहे. पण पोराला बघायचंय, असं मुकादमाला सांगून चालत नाही; आवणीचं सांगावं लागतं. ये.