चुंबकाचं कुलूप

अहो,

भाजी झाकून ठेवलीय, गरम करून घ्या. मी ताईकडे जातेय, जेवायला थांबू नका.

काल म्हणालात, लाइट गेली, ऑफिसचं दार उघडेना, म्हणून उशीर झाला. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. आज आमच्या दवाखान्यातही लाइट गेली. तुमच्या ऑफिससारखंच चुंबकाचं कुलूप आहे आमच्या दाराला. ते आपोआप उघडलं! वायरमन म्हणाला, आतल्या तारेच्या गुंडाळीत वीज असेपर्यंतच ते चुंबक. वीज गेली की दार सोडून देतं, माणसं आत अडकू नयेत म्हणूनच.

मग तुम्ही कुठे अडकला होतात?

मी येईपर्यंत उत्तर जुळवून ठेवा. आणि पुन्हा उशीर झालाच, तर लक्षात असू द्या: आपल्या दाराला आतून साधी कडी आहे. लाइट गेली म्हणून ती सुटत नाही.