यादीतलं हर्षलचं नाव

प्रिय हर्षल,

फोन न करता पत्र कसं, असं तुला वाटेल. काकासाहेब हल्ली ऑफिसात कुणाचाही मोबाईल मागून बघतात, आणि मालकच मागतो म्हटल्यावर नाही म्हणवत नाही. म्हणून हे बेलापूरला निघालेल्या आत्याच्या हाती देतेय. तुझी रोपवाटिका कशी चाललीय? टोमॅटोची रोपं उचलली गेली का? इथे राहुरीत बियाण्यांचा हंगाम तोंडावर आलाय, पण कंपनीत कुणाचं लक्ष कामात नाही. मी आत गेले की बोलणी थांबतात.

तू नोकरी सोडून गेल्यावर कॉम्प्युटर, केबली, प्रिंटर सगळं माझ्याच गळ्यात आलं. मध्यंतरी काकासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर नेटवर्कमधल्या कॉम्प्युटरांची यादी उघडी होती आणि त्यात तुझं 'हर्षल-पीसी'. म्हणाले, "हा जाऊन एवढे महिने झाले, मग आत कसा दिसतो? आपल्या शेतकऱ्यांचे नंबर तिकडे बसून काढतोय तो." खरं सांगते, मलाही शंका आली. आपले काही जुने शेतकरी तुझ्याकडून रोपं नेतात हे कानावर होतंच. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

मग मी स्वतःच तपासायला घेतलं. अकाउंट्सचा कॉम्प्युटर मुद्दाम बंद केला, तरी त्याचं नाव यादीत तसंच. ती यादी आपल्याकडे अजून जुन्या पद्धतीची आहे. एकच कॉम्प्युटर ती सांभाळतो, बाकीचे त्याच्याकडून घेतात, त्यामुळे बंद झालेल्याचं नाव काही वेळ मागे रेंगाळतं. तासाभरात अकाउंट्सचं नाव गेलं. तुझं जाईना. म्हणजे ते शिळं नाव नव्हतं, कुठलातरी चालू कॉम्प्युटर ते लावून बसला होता, आणि तोही आपल्याच आवारात.

जेवणाच्या सुट्टीत मी एकेक केबल काढून बघायला लागले. एक केबल काढली आणि वजनकाट्यावरून सहादेव तरातरा आला. "म्याडम, काट्याचा कॉम्प्युटर लटकला. तुमी काय केलं का?" मी त्याच्याबरोबर शेडमध्ये गेले. धुळीनं माखलेला तो तुझाच कॉम्प्युटर, कोपऱ्यावरचा तुझा स्टिकरसुद्धा तसाच. कुणी आणला विचारलं तर म्हणाला, "काकासायबांनीच आनून दिला की. तवापास्नं हितंच हाय." नाव बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, असं मला वाटलं.

मी तशीच केबिनमध्ये गेले. वाटलं, ऐकून त्यांना बरं वाटेल. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "ठीक आहे. कुणाला सांगायचं कारण नाही. आणि ते नाव आहे तसंच राहू दे." तेव्हा मला कळलं. त्यांना आधीपासून माहीत होतं, हर्षल. तरी कोल्हारपर्यंतच्या दुकानदारांना ते तू चोरी केलीस म्हणून सांगत होते.

सोमवारी ते तुझ्याकडे येणार आहेत. वकिलाकडून कागद करून घेतलाय. कंपनीची माहिती घेतल्याची तू कबुली द्यायची आणि या भागात रोपं विकायची नाहीत, असं त्यात आहे. सही केलीस तर पोलिसांत जात नाही म्हणतील. सही करू नकोस. साक्षीदार म्हणून ते मला सोबत आणणार आहेत, आणि मी हो म्हटलंय. त्यांच्या गाडीतून मला उतरताना पाहून तुला वाईट वाटेल, म्हणून आधीच लिहितेय. त्यांनी मला साक्ष विचारली की, तुझ्या आईवडिलांसमोर मी जे पाहिलं तेच सांगणार आहे. परतताना त्यांच्या गाडीत मला जागा नसेल, तेवढं राहुरीच्या एसटीचं बघून ठेव.

तुझीच,
मनवा