व्हेनिसमध्ये दादा

७ ऑक्टोबर, मेस्त्रे

हॉटेल व्हेनिसच्या अलीकडच्या गावात, रेल्वे स्टेशनला लागून. रुळांची खडखड खोलीत येते. वहिनी म्हणाली, "इतक्या दूर येऊन आपल्या रायपूर स्टेशनामागची गुढियारीच." आणि लाडवांचा डबा उघडला.

ती आंघोळीला गेली तेव्हा काकांचा फोन. "विचारलं का तिले?"

नाही विचारलं. दादाला जाऊन कार्तिकात बारा वर्षं होतील. पाहुण्यांना गाडीत बसवून येतो म्हणून रायपूर स्टेशनवर गेला, तो आलाच नाही. पोलीस, पेपरात फोटो, सगळं झालं. आता गुरुजी म्हणतात, बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा. म्हणजे माणूस सुटतो. बायकोनं हो म्हटल्याशिवाय काका तारीख धरणार नाहीत, आणि तिला विचारायचं धैर्य त्यांच्यात नाही. म्हणून माझ्यावर. काका म्हणतात, "तिकडं मोकळी होईन ते. घरी नाही बोलत."

कोण सुटतं, ते मी विचारलं नाही.

८ ऑक्टोबर

व्हेनिस. फोटोतल्यापेक्षा गप्प शहर. म्हणजे गर्दी आहेच, पण दोन गल्ल्या आत शिरलं की आपल्याच चपलांचा आवाज. वळावं तर समोर एकदम पाणी. घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, हिरव्या, ओल्या. आत्ताच कोणी उतरून गेल्यासारख्या.

मोठ्या कालव्यात आमच्या बोटीला लागून समोरून दुसरी बोट गेली. तिच्यात एक पाठमोरा माणूस. डावा हात पाठीमागून आणून उजवा कोपर धरलेला. दादा असा उभा राहायचा. कुठल्याही रांगेत, लग्नाच्या पंगतीत वाढायला थांबला तरी.

मी उभी राहिले. टूरवाला भैया ओरडला, "दीदी, बैठिए! सबको नहलाएँगी क्या?" सगळे हसले. तोवर ती बोट पुलाखाली.

रायपुरात होतं असं. शंकर नगरच्या चौकात, बँकेत. इथेही होईल असं वाटलं नव्हतं. इथे तर तो कधी...

वहिनीला सांगितलं नाही. ती पिझ्झ्यावर घरचं तिखट भुरभुरत बसली.

९ ऑक्टोबर

बेटं. सकाळभर धुकं.

पहिलं बेट स्मशानाचं. तिथे उतरलो नाही, बोट शेजारून गेली. विटांची लांब भिंत, वर काळी उंच झाडं. वहिनीनं विचारलं, "मेलेल्याले पण बोटीनंच आणतेत का?"

भैया म्हणाला, "और क्या दीदी, रास्ता ही नहीं है."

"म्हणजे कोणीतरी सोबत येते," ती स्वतःशीच म्हणाली.

मुरानोला काच फुंकताना पाहिली. आवडली नाही. लाल गोळा श्वास घेतल्यासारखा फुगत होता. मी बाहेर येऊन उभी राहिले.

मग बुरानो. छोटी छोटी घरं, जांभळी, शेंदरी, पोपटी, एकासारखं दुसरं नाही. भैयानं हिंदीत समजावलं, "कोहरे में मछुआरे दूर से अपना घर पहचान लें, इसलिए. और रंग बदलना हो तो परमिशन लगती है."

वहिनी खो खो हसायला लागली. "आपल्या घरी पण! परमिशन ताई देते!" ताई म्हणजे मी.

मी पण हसले. मग हसणं थांबलं. चौबे कॉलनीतलं आमचं घर पिस्ता रंगाचं आहे. होतं. आता पोपडे आलेत. दर दिवाळीला काका रंगाऱ्याला बोलावतात आणि मी परत पाठवते. यंदा राहू द्या म्हणते. का, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीटसं नाही.

"घर ओळखू नाही येणार त्याईले, असंच ना?" वहिनी म्हणाली. "काल बोटीत उठून उभ्या राहिल्या तवाच समजलं मले."

"तुला नाही दिसत तो?"

"आधी दिसत होते. आता नाही. आता तुमी पाहून राहिल्या, की मले वाटते, त्या बाजूले कोणीतरी आहे."

मी मागे वळून पाहिलं.

कालव्याच्या कठड्यावर बसलो. मग म्हणाली, "काकानं मले धाडलं. म्हणे, ताईले विचार. बहिणीनं हो म्हटल्याशिवाय मी पुतळा नाही करत."

"मला म्हणाले तुला विचार!"

"काका पण ना!"

इतक्या हसलो की समोरच्या म्हातारीनं खिडकी लावून घेतली.

"तुझं काय मग, वहिनी?"

"मी तर काकाले कवाच हो म्हटलं." पाण्याकडे पाहत होती. "तुमी नाही म्हणान, या भरोशावर."

परतताना धुकं दाट. बेटाचे रंग एकेक करून गेले. शेंदरी शेवटपर्यंत दिसत होता.

१० ऑक्टोबर

धक्क्यावर बसून काकांना फोन लावला. स्पीकरवर. दोघी आहोत हे आधीच सांगितलं.

"काहून आम्हाला एकमेकींच्या मागे लावलं, काका?"

काका खाकरले. मग, "बरं, सापडलो मी. काय म्हणता पण?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. मी म्हणाले, "करा." आवाज माझ्यासारखा नव्हता. वहिनी म्हणाली, "हव काका."

"हव," काका म्हणाले.

"गुरुजींना आज फोन करा मग. कार्तिकातली तारीख धरा."

"आज नाही. तुमी या आधी."

"काहून?"

"अवो, एकटा आहो मी घरात," काका म्हणाले. "एकट्यानं कसं सांगू त्याले?"

त्याले म्हणजे गुरुजींना, की...

विचारलं नाही. फोन कोणीच ठेवला नाही. शेवटी बॅलन्स की रेंज, काहीतरी गेलं.

११ ऑक्टोबर, बसमध्ये, फ्लोरेन्सच्या वाटेवर

वहिनी खिडकीला डोकं टेकून. झोपली आहे की नुसते डोळे मिटलेत कळत नाही.

काकांचा रोजचा सुप्रभातचा फोटो आला. गुलाब, वाफाळता चहा. खाली एक अक्षर नाही. मी लिहायला घेतलं, "काका, गुरुजींना". खोडलं. "आम्ही आलो की". तेही खोडलं.

मघाशी एका पुलाखाली कालवा लागला. छोटासाच, शेतातला. मी मान वळवणार नव्हते. वळवलीच.