हेमालीच्या लग्नातला कंट्रोल टॉवर

११ जानेवारी
आजपासून कोणावरही हात उचलायचा नाही. भाचीच्या, हेमालीच्या, डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. साखरपुड्यात तिच्या वडिलांचा, म्हणजे अनंता भावजींचा दात पडला. तो आधीपासून हलत होता, पण नाव माझं झालं. हेमाली म्हणाली, मामा, आता कोनाला मारलास त लग्नात तुजे जागंवर राघोकाकाला उभा करीन. मुलीला मांडवात आणायचं आणि तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मामाचा मान. राघोचा काय संबंध? चुलता आहे, चुलत्यासारखं राहावं.

१४ जानेवारी
नवरदेव विशाल हेलिकॉप्टरने येणार! गोदामाला जमीन दिल्यापासून भावजींना जमिनीवरचं काही चालत नाही. हेलिकॉप्टर मानकोलीला, मांडवामागच्या कापणी झालेल्या शेतात उतरेल. सेफ्टीची जबाबदारी साहजिकच माझ्यावर (मीच घेतली). एअरपोर्टवर काम केलेला गावात मी एकटा. सामान चढवायचो हे खरं, पण रनवे रोज डोळ्यांसमोर. सुपरवायझरचा गाल मध्ये आला नसता तर आज कुठे असतो!

१९ जानेवारी
हेलिकॉप्टर कंपनीचा माणूस जागा बघून गेला. म्हणाला, चुन्याने मोठा एच काढा. धूळ उडू नये म्हणून पाणी मारा. वाऱ्याची दिशा कळायला कोपऱ्यात थोडासा धूर करा. उतरताना शेतात माणूस, जनावर काही नको. वरून एच दिसला नाही तर पायलट उतरणार नाही. मला हे सगळं माहीतच होतं.
कंट्रोल टॉवर : गोदामाची पाण्याची टाकी. साधनं : शिट्टी, बांबू. बांबू फक्त कुत्र्यांसाठी.

२३ जानेवारी
सुमित फोटोग्राफरने न विचारता माझ्या हद्दीत ड्रोन उडवला. बांबूने पाडला. सुमित धावत आला आणि एक त्याच्या कानशिलात बसली. शपथ मोडलेली नाही. हात ड्रोनसाठीच उचलला होता, खाली येताना मध्ये सुमित आला.

२८ जानेवारी
राघोने काढलेला एच तिरका. सांगितलं तर मला चावला. मी त्याचं डोकं चुन्याच्या घमेल्यात दाबलं. दाबणं म्हणजे मारणं नव्हे. पण हेमाली फार रडली. म्हणाली, आता ह्यो शेवटचा चान्स, मामा. मलाही रडू आलं. लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलेली पोर. तिच्या पाठीशी मीच उभा राहणार.

२ फेब्रुवारी, सकाळ
लग्नाचा दिवस. खाडीकडून धुकं आलंय. टॉवरवरून एच दिसत नाही. घाबरलो नाही. पायलटला हेलिपॅड सापडायला हवं, तर धूर वाढवायचा. थोड्याशा धुराने आकाशातल्या माणसाला काय दिसणार? ओला पेंढा आणि जुने टायर पेटवले. बायको रंजिता खालून ओरडली की अहो, धुकं आपोआप जाईल, जरा दम धरा. रंजिताला व्हिजिबिलिटीतलं काही कळत नाही.

नंतर
धुकं गेलं. धूर आहे. वरून आवाज आला, दोन घिरट्या झाल्या, आवाज पडघ्याच्या दिशेने गेला. वऱ्हाड खोकतंय. भावजी उरलेल्या दातांनी शिव्या देतायत. काळजी नाही, हेलिकॉप्टर परत येईल. तोवर रनवे मोकळा ठेवायचा. जीव गेला तरी.

दुपार
धुरात एचवर एक माणूस दिसला. शिट्टी मारली. थांबेना, उलट हात हलवायला लागला. वरून हेलिकॉप्टर आलं तर चिरडला जाईल! टाकीवरून उतरलो, धावलो, बांबू एकदा पाठीत आणि एकदा डोक्यात घातला. आडवा झाला. बघतो तर फेटा.
विशाल. पडघ्याला उतरून टेम्पोने आला होता. नाक्यावर ट्रॅफिक, म्हणून शेतातून चालत निघाला. मी सॉरी म्हणालो, पण तोवर वराकडचे आले. मग आपल्याकडचे आले. दोन्हीकडच्यांनी मिळून मलाच तुडवलं. बँडवाल्याने तोंडावर क्लॅरिनेट घातली. कसाबसा सुटून टॉवर गाठला.

संध्याकाळ
भावजींनी शिडी काढून नेली आहे. ओठ सुजलाय, एक दात हलतोय.
धूर विरला. इथून मांडव अगदी स्वच्छ दिसतो. विशालच्या डोक्याला बँडेज, त्यावर मुंडावळ्या. हेमालीला राघो घेऊन आला. तिच्या पाठीशी उभा राहिला, कानात अजून चुना. अंतरपाट धरला तेव्हा तिने एकदा मान वळवून टाकीकडे बघितलं. मी हात वर केला. तिने मान फिरवली.
खिशात अक्षता होत्या. इथूनच टाकल्या. वारा उलटा होता, सगळ्या माझ्याच अंगावर आल्या.