आबांचे पाय आणि रेंगानिसची रांग

मंगळवार, ५ ऑगस्ट

काल लिहिलं की रेंगानिसच्या दाराशी पेशंटांची रांग होती. चूक. ती रांग नव्हती. पंखा तिच्या दारावर आहे, म्हणून लोक तिथे बसतात. खोटं लिहून ठेवायला मला आवडत नाही.

मला तिचा हेवा वाटत नाही. आरोग्यकेंद्रात आम्ही दोघी फिजिओथेरपिस्ट, मधुमेहवाल्यांचे पाय तपासतो. ती बांडुंग शहरातल्या कॉलेजातून शिकून आली. मी आधी घरात शिकले. माझे वडील, आबा, पाय चोळून देणारे. आमच्या सुमेदांग गावात त्यांच्या अंगठ्याला मान आहे. लहानपणी त्यांच्याच पायांवर माझा हात बसला. हे कॉलेजात मिळत नाही. (मी कॉलेजातही गेले. ते वेगळं.)

तिची पद्धत अशी: पेशंटला डोळे मिटायला लावायचे, नायलॉनचा जाड दोरा तळव्याला टेकवायचा आणि गप्प बसायचं. लागलं तर त्याने आपण होऊन सांगायचं. किती कोरडेपणा! मी दर वेळी अदबीने, वडीलधाऱ्यांना 'पाक' म्हणतात तसं म्हणून, विचारते, "लागलं का, पाक?" ते लेकीला म्हणावं तसं म्हणतात, "लागलं, नेंग." माझ्या पेशंटांना जवळजवळ सगळीकडे लागतं. तिच्या निम्म्यांचे पाय बधिर निघतात. कुणाचा हात चांगला, ते यावरून कळतं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

सकाळच्या कवायतीनंतर सगळे पेशंट चपला हातात घेऊन रेंगानिसकडे. ती प्रत्येक चपलेत हात घालून खिळा, खडा, फाटलेली शिवण शोधते. लोकांना कौतुक! ही कल्पना मला फार पूर्वीच सुचली होती. सोमवारपासून मीही सुरू करणार.

मग मला बोलावंच लागलं. सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या आबांना पंधरा वर्षं साखर आहे, पण पाय बघा! माझ्या हाताखालचे आहेत." गेल्या सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, मैदानातल्या दगडगोट्यांच्या वाटेवर अनवाणी चालायच्या शर्यतीत आबा पहिले आले. बाकीचे म्हातारे "आयाय" करत उड्या मारत होते. आबा बाजारात निघाल्यासारखे चालत गेले.

रेंगानिस मला तेह, म्हणजे ताई, म्हणते. म्हणाली, "अजिबात दुखलं नाही त्यांना? तेह, मी एकदा बघू का?"

जळते. मी म्हटलं, घरचा पाय घरी बघितलाय. यंदाही त्यांचं नाव मी घातलंय.

रविवार, १० ऑगस्ट

तरी खातरजमा केली. माणसाने स्वतःलाही तपासावं. आबा सुराबीची धिरडी खात टीव्ही बघत होते. मी दोरा टेकवला. "लागलं का, आबा?" "लागलं, लागलं." सगळीकडे लागलं. एकदा तर दोरा टेकायच्या आधीच म्हणाले, लागलं. इतका जिवंत पाय!

उजव्या अंगठ्याखाली घट्टा आहे, तिथे जरा गरम लागतं. मधोमध काळपट ठिपका. सरावाला दगडगोट्यांवर चालतात, त्याचा डाग असणार. धुऊन बघितला, निघाला नाही. शर्यतीनंतर बघू.

बुधवार, १३ ऑगस्ट

आबा घरात पांढरे मोजे घालून बसतात. थंडी वाजते म्हणे. ऑगस्टमध्ये!

ते मोजे मी ओळखते. रेंगानिस तिच्या लाडक्या पेशंटांना देते तेच.

सोयाबीनचा तळलेला ताहू आणायला गेले तर गाडीवरचे मांग उजू (मांग म्हणजे काका) म्हणाले, "परवा तुझ्या आबांना केंद्रात बघितलं. त्या नव्या डॉक्टरणीपाशी बसले होते. काय हसत होते दोघं!" परवा मी खेड्यातल्या शिबिराला गेले होते. म्हणजे माझी पाठ वळायची वाट बघितली. आणि ती डॉक्टर नाही. मी मांग उजूंना तसं सांगितलं. ते म्हणाले, "नसू दे. ताहू किती देऊ?"

रात्री जेवताना आबा म्हणाले, "ती पोरगी हात फार हलका लावते गं."

ठरलं. आबांशी बोलायचं नाही. जेवणापुरतं बोलायचं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

रेंगानिसला सरळ विचारलं, आबा तुझ्याकडे कशाला येतात? म्हणाली, "तेह, त्यांनाच विचारा ना. तुम्ही विचारलेलं त्यांना बरं वाटेल."

माझ्या बापाची गुपितं आता हिच्याकडे! मुळीच विचारणार नाही. परवा आबा जिंकतील, आणि पहिल्या रांगेत उभी राहून ती बघेल.

रविवार, १७ ऑगस्ट, संध्याकाळ

जिंकले नाहीत.

मैदानात आबा मोजे काढेनात. म्हणत होते, मी नुसता बघायला आलोय. मी शर्टाला नंबर लावला. लोक ओरडत होते, "या, आबा ओदिंग! गेल्या वर्षीचे वाघ!" शिट्टी व्हायची वेळ झाली, म्हणून मी गुडघ्यांवर बसून स्वतःच मोजा ओढला. तो चिकटला होता. मी जोर केला. मोज्याबरोबर पट्टी आली, पट्टीबरोबर कातडी. घट्ट्याच्या जागी खड्डा होता. माझा अंगठा मावेल एवढा.

आबा स्टेजवरच्या झेंड्याकडे बघत होते. म्हणाले, "निघाला का गं मोजा?"

रेंगानिस पेटी घेऊन धावत आली. मी बाजूला झाले. तिने गेल्या सोमवारीच घट्टा कापून जखम उघडी केली होती, चालू नका म्हणून बजावलं होतं. हाडापर्यंत गेली नाहीये, म्हणाली. पाय वाचेल, पण आता एक पाऊलही अनवाणी नको.

घरी आल्यावर विचारलं, मला का नाही सांगितलं? आबांनी उशी नीट केली. मग म्हणाले, "तू सगळ्या गावाला सांगून बसली होतीस, नेंग. आणि इतक्या हौसेने विचारायचीस, लागलं का, लागलं का. नाही म्हणवेना."

मग मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. दोरा टेकवला आणि काही विचारलं नाही. बराच वेळ. आबा शांत बसून होते. शेवटी म्हणाले, "कधी सुरू करतेस?"

पाच तारखेच्या नोंदीत दुरुस्ती: ती रांगच आहे. वीज गेली, पंखा बंद पडला, तरी लोक तिथेच बसतात.

पुढची पट्टी मंगळवारी, १९ ऑगस्टला. आबांना घेऊन मी त्या रांगेत बसणार. दार आठला उघडतं. आम्ही सातला जाणार. नंबर पहिला आमचाच लागला पाहिजे.