खाली सोडलेलं दार

नेवासे,
ता. १९ नोव्हेंबर १९७२

चि. सौ. चांगुणास अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासूबाई बऱ्या आहेत. खर्ड्याला विहिरीला पाणी आहे का ते कळव. इकडे प्रवरा घोट्याएवढी.

या हातांनी गोरक्षचा पाळणा केला, तुमच्या लग्नातले दोन चौरंग केले, आणि त्याच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती केली. मला रंधा धरायला कुणी शिकवलं नाही; बघून शिकलो. जहाज तर बघितलंही नव्हतं. आरमारातून आलेल्या त्याच्या पत्रांवरून केलं.

रजेवर आल्यावर तो हसला होता, आठवतं? "आप्पा, ही संगमावरची होडी झाली! आमच्या जहाजाचं बूड सपाट. ते वाळूवर चढतं, पुढचं दार खाली पडतं, अन् रणगाडा चालत उतरतो."

"मग पाणी शिरत नाही?"

"कुठं उघडायचं ते कळावं लागतं."

तूही चुलीपाशी हसलीस. मी बूड कापून सपाट बसवलं.

त्याचं खरं जहाज त्याच्याहून वयाने मोठं. महायुद्धात विलायतेत बांधलेलं, मग आपल्याकडे आलं. बेटांवर सिमेंट, धान्य, एकदा म्हशीसुद्धा उतरवल्या. गेल्या डिसेंबरात लढाईला फौज नेली.

त्याच्या जहाजावरचा पुंजाराम परवा येऊन गेला. म्हणाला, जहाज वाळूच्या दांड्यावर टेकलं. किनारा आलासं वाटलं, पण पुढे खोल पाणी. जवान ओझ्यासकट बुडू लागले. गोरक्ष दोर घेऊन दोनदा गेला, दोघांना घेऊन आला. पुन्हा गेला. मग भरती चढली, जहाज तरंगलं, दार उचलावं लागलं.

मी विचारलं, "उचलायच्या आधी हाका मारल्या का?"

"मारल्या, काका. लई मारल्या."

तू लिहितेस, पाकिटावर सौ. लिहू नका, आई रडते. आणि देह नाही तर दर्भाचा पुतळा करून संगमावर अग्नी देऊ. तुझं बरोबर आहे. वर्षभर मीच अडवून धरलं. मार्गशीर्षात तिथीला ये. पुतळा भटजी बांधतील. तेवढं या हातांनी होणार नाही. वर सौ. लिहून गेलो. पाकिटावर लिहीत नाही.

गोरक्षचा बाप,
सहादेव

ता. क. जहाज विकलं का, असं तुझ्या आईने विचारलंय. नाही. फळीवर आहे, दार खाली सोडलेलं. नगरचे एक साहेब काचेच्या पेटीत ठेवायला मागत होते. म्हणाले, "मिस्त्री, दार तेवढं कायमचं बंद करून द्या, पेटीत मावत नाही." मी नाही म्हणालो. पाचशे रुपये देत होते.